विषारी जमिनीचे दप्तर

११ डिसेंबर १९८० रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या स्वाक्षरीने अमलात आलेल्या कायद्यांपैकी दोन कायद्यांचे क्रमांक लागोपाठचे आहेत. ९६-५१० क्रमांकाचा कायदा घातक टाकाऊ द्रव्यांनी दूषित झालेल्या जागा साफ करण्यासाठीचा असून, त्याचे अधिकृत नाव फार लांबलचक असल्यामुळे तो 'सुपरफंड' याच नावाने ओळखला जातो. त्याला लागून असलेला ९६-५११ क्रमांकाचा कायदा सरकारने लोकांकडून मागवायच्या माहितीला व भरून घ्यायच्या नमुन्यांना आळा घालण्यासाठीचा, म्हणजे कागदकाम कमी करण्याचा कायदा आहे. पहिल्या कायद्याने खोल्याच्या खोल्या भरतील इतके कागद जन्माला घातले आणि दुसऱ्याने त्यांतील छापील नमुन्यांना आधी परवाना घ्यायला लावले. एकाच दिवशी एकाच लेखणीने असे दोन हुकूम सुटावेत हा योगायोग खरा, पण घातक कचऱ्याच्या सफाईचा सरकारी कार्यक्रम कसा चालतो हे समजून घ्यायचे तर या दोन कायद्यांची आजवर चाललेली ओढाताण पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

हवेतला धूर दिसतो, नदीवरचा फेस दिसतो. जमिनीत पुरलेले विष मात्र दिसत नाही, आणि ते वर येईपर्यंत ते पुरणारी माणसे, त्यांचे कारखाने, कधी कधी त्या कारखान्यांची नावेसुद्धा नाहीशी झालेली असतात. कोणत्या खड्ड्यात काय टाकले, किती पिंपे टाकली, ती कोणाच्या ट्रकमधून आली आणि त्या वेळी जमीन कोणाच्या नावावर होती, हे सांगायला मागे उरतो तो जुना कागद. त्यामुळे या कार्यक्रमातील कागदपत्रांना सरसकट लालफीत म्हणून झटकून टाकता येत नाही. तिथे कागदी घोडेही पुष्कळ नाचवले जातात, ही गोष्ट वेगळी. मुळात कागद असणे आणि तो ज्याने वाचायला हवा त्याच्या डोळ्यांखालून वेळेवर जाणे यांत किती अंतर असू शकते, हे ज्या प्रकरणातून सुपरफंड कायदा निघाला त्यातच उघड झाले होते.

न्यूयॉर्क राज्यातील नायगारा फॉल्स शहरात विल्यम लव्ह नावाच्या उद्योजकाने १८९० च्या दशकात वीजनिर्मितीसाठी खोदायला घेतलेला कालवा अर्धवट राहिला आणि 'लव्ह कॅनॉल' हे नाव तेवढे मागे उरले. या आयत्या चरात हूकर केमिकल कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा टाकला, वर माती लोटली आणि एप्रिल १९५३ मध्ये ती जागा शहराच्या शाळा मंडळाला अवघ्या एका डॉलरला देऊन टाकली. त्या खरेदीखतात एक कलम होते. जागेत रसायनांच्या उत्पादनातून उरलेले टाकाऊ पदार्थ भरलेले आहेत याची कल्पना घेणाऱ्याला दिलेली आहे आणि त्यांच्यामुळे पुढे कोणाला इजा झाली, कोणी दगावले किंवा मालमत्तेचे नुकसान झाले तरी कंपनीवर दावा लावता येणार नाही, असा त्याचा आशय होता. खत दप्तरी दाखल झाले, जागेवर शाळा उभी राहिली, भोवती घरे उठली, आणि पुढे ती घरे घेणाऱ्या कुटुंबांपर्यंत ते कलम पोचलेच नाही. सत्तरच्या दशकात तळघरांच्या भिंतींतून रसायने पाझरू लागली. २ ऑगस्ट १९७८ रोजी राज्याच्या आरोग्य आयुक्तांनी आणि पाचच दिवसांनी खुद्द राष्ट्राध्यक्षांनी आणीबाणी जाहीर केली, आणि मग कुठे पंचवीस वर्षांपूर्वीचे ते एक डॉलरचे खत देशभर वाचले गेले.

याच प्रकरणात आणखी एक कागद तयार झाला आणि तो कोणत्याही कार्यालयाने मागवलेला नव्हता. लोइस गिब्ज या स्थानिक गृहिणीने शेजारणींच्या मदतीने घरोघरच्या आजारांची आणि गर्भपातांची माहिती गोळा केली, बेव्हर्ली पायगन या शास्त्रज्ञ स्त्रीच्या मार्गदर्शनाखाली ती नकाशावर मांडली, तेव्हा बुजलेल्या जुन्या ओहोळांच्या कडेच्या घरांत आजार दाट दिसू लागले. शास्त्रीय पद्धतीने गोळा केलेली नाही म्हणून आरोग्य खात्याने ही माहिती सुरुवातीला मोडीत काढली. रहिवाशांच्या म्हणण्याला दप्तरात हक्काची जागा मिळावी अशी तरतूद पुढे कायद्यात आली.

सुपरफंड कायद्याने दोन गोष्टी केल्या. मुख्यतः खनिज तेल व मूलभूत रसायनांवर कर बसवून पाच वर्षांसाठी १६० कोटी डॉलरचा निधी उभारण्याची सोय केली, आणि सफाईचा खर्च कोणाकडून वसूल करायचा याचे चार गट ठरवून दिले: जागेचा आजचा मालक किंवा चालक, कचरा टाकला गेला त्या वेळचा मालक किंवा चालक, कचरा तिथे टाकण्याची व्यवस्था करणारा आणि तो वाहून नेणारा. ही जबाबदारी पूर्वलक्षी आहे, म्हणजे कचरा टाकला तेव्हा ते कृत्य कायदेशीर असले तरी सुटका नाही. निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाही. आणि नुकसान वाटून दाखवता येत नसेल तर अनेकांपैकी एकालाच सगळा खर्च भरायला लावता येतो. इतका कडक नियम लागू असताना चाळीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या वाहतूक पावतीवर कोणाचे नाव आहे यावर कोट्यवधी डॉलर अवलंबून राहतात, आणि सफाईची सुरुवात फावड्याने होण्याऐवजी टपालाने होते.

हे टपाल म्हणजे कायद्याच्या कलम १०४(ई) खाली पाठवले जाणारे माहिती-मागणीचे पत्र. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, ते एखाद्या जागेशी संबंध असू शकेल अशा प्रत्येक कंपनीला धाडते. त्यात कंपनी कधी स्थापन झाली, कोणाकडून विकत घेतली, कोणकोणती रसायने वापरली, कचरा कशात भरला, तो उचलणाऱ्या गाड्या कोणाच्या होत्या, त्या काळचे कामगार व चालक आज कुठे आहेत, असे प्रश्न असतात, आणि हमखास असा एक प्रश्न असतो की त्या सर्व वर्षांतील विमा पॉलिसींच्या प्रती जोडाव्यात. या शेवटच्या प्रश्नामुळे अमेरिकेत विमा-पुरातत्त्व नावाचा एक खरोखरीचा व्यवसाय उभा राहिला आहे: जुन्या कंपन्यांच्या बंद कपाटांतून, दलालांच्या खातेवह्यांतून, वकिलांच्या गठ्ठ्यांतून हरवलेल्या पॉलिसींचा माग काढणारी माणसे, ज्यांच्या दृष्टीने १९६० सालचा एक पिवळा पडलेला कागद खाणीतल्या सोन्याइतका मोलाचा असतो. तिथल्या शहरांचे सॅनबॉर्न नकाशेही असेच उपयोगी पडतात. ते आगीच्या विम्यासाठी एकोणिसाव्या शतकापासून काढले गेले, त्यांत विटांच्या इमारती गुलाबी आणि लाकडी इमारती पिवळ्या रंगवलेल्या असत, आणि ज्या कोपऱ्यावर आज बाग आहे तिथे एके काळी पेट्रोलची भूमिगत टाकी होती हे एका छोट्या वर्तुळावरून आज कळते.

पत्राला उत्तर न देणाऱ्याला दर दिवसामागे दंड होऊ शकतो, आणि उत्तर देणारा ते बहुधा वकिलामार्फतच देतो. रँड या संशोधन संस्थेच्या १९९२ च्या अभ्यासात असे दिसले की विमा कंपन्या सुपरफंड दाव्यांपायी करत असलेल्या खर्चातील सुमारे ८८ टक्के रक्कम वकील व वादविवाद यांतच जात होती. हा आकडा विमा कंपन्यांचा आहे, मोठ्या कारखानदारांचे प्रमाण त्याहून पुष्कळ कमी होते. पण हा कार्यक्रम वकिलांसाठीच चालतो असा जो लौकिक अमेरिकेत पसरला तो अगदीच निराधार नव्हता.

दूषित जागा सफाईच्या राष्ट्रीय अग्रक्रम यादीत घालायची की नाही, हा निर्णय कागदावर कसा होतो ते पाहण्यासारखे आहे. प्रथम उपलब्ध दस्तऐवजांवरून प्राथमिक मूल्यमापन होते, मग माती-पाण्याचे नमुने घेऊन तपासणी होते, आणि त्यातून मिळालेली माहिती एका ठरीव गणितात घातली जाते. भूजल, भूपृष्ठावरील पाणी, माती आणि हवा अशा चार वाटांनी विष माणसांपर्यंत पोचू शकते असे हे गणित धरते. भूजल आणि हवा यांसाठी चार मैलांच्या वर्तुळातील लोकसंख्या मोजली जाते, ओढ्या-नद्यांसाठी प्रवाहाच्या खालच्या अंगाला पंधरा मैलांपर्यंत पाहिले जाते, कोणत्या विहिरीचे पाणी किती लोक पितात याचा तक्ता जोडावा लागतो. प्रत्येक वाटेला शंभरपैकी गुण मिळतात, त्यांच्या वर्गांची सरासरी काढून वर्गमूळ घेतले जाते आणि उत्तर २८.५० किंवा त्याहून अधिक आले तर जागा यादीसाठी पात्र ठरते. एकाच वाटेने धोका असेल आणि बाकीच्या तीन वाटांना शून्य गुण असतील, तर त्या एका वाटेला ५७ गुण मिळाल्याखेरीज पात्रता येत नाही, हा साधा हिशेब कोणालाही करून पाहता येईल.

इतक्या काटेकोर दिसणाऱ्या २८.५० या आकड्याला मात्र वैद्यकशास्त्राचा कोणताही आधार नाही. कायद्याने पहिल्या यादीत निदान चारशे जागा असाव्यात अशी अपेक्षा ठेवली होती. ज्या गुणांवर रेघ ओढली असता चारशेहून थोड्या जास्त जागा वर राहतात ती रेघ २८.५० वर आली, आणि सप्टेंबर १९८३ च्या पहिल्या यादीत ४०६ जागा आल्या. पुढे १९९० मध्ये गणित बदलले, २०१७ मध्ये जमिनीतून घरांत शिरणाऱ्या वाफांचाही त्यात समावेश झाला, पण रेघ तिथेच राहिली. आज तेराशेहून अधिक जागा या यादीत आहेत आणि त्यांतील बहुतेकींच्या फाइलीत या गुणांचे समर्थन करणारा, प्रत्येक विधानाला संदर्भ जोडलेला एक जाडजूड दस्तऐवज आहे, कारण यादीत आलेल्या जागेचा मालक न्यायालयात गेला तर सरकारला याच कागदाच्या आधारे उत्तर द्यावे लागते.

यादीत नाव घालण्याचा प्रस्ताव फेडरल रजिस्टर या संघीय राजपत्रात छापून साठ दिवस हरकती व सूचना मागवल्या जातात. त्यानंतरच्या टप्प्यांत जागेची सखोल पाहणी व उपायांचा तौलनिक अभ्यास, प्रस्तावित योजना, तिच्यावर किमान तीस दिवस जनतेचे म्हणणे आणि शेवटी निवडलेला उपाय व त्याची कारणे नोंदवणारा निर्णय-दस्तऐवज असा क्रम लागतो. उपाय नऊ कसोट्यांवर घासून पाहावा लागतो आणि त्यांतील शेवटच्या दोन राज्य सरकारची व स्थानिक लोकांची संमती या आहेत. निर्णय-दस्तऐवजाला लोकांच्या प्रत्येक महत्त्वाच्या आक्षेपाला दिलेल्या उत्तरांचे प्रकरण जोडणे बंधनकारक आहे, आणि ज्या कागदांच्या आधारे निर्णय झाला त्या सगळ्यांची प्रत जागेच्या जवळपास, सहसा गावच्या वाचनालयात, ठेवावी लागते. वाचनालयात ठेवलेला चार हजार पानांचा अहवाल वाचणार कोण, या प्रश्नाचे उत्तर म्हणून १९८६ च्या दुरुस्तीने रहिवाशांच्या गटाला स्वतःचा तज्ज्ञ नेमण्यासाठी ५० हजार डॉलरपर्यंत अनुदान देऊ केले, पण ते मिळवण्यासाठीही अर्ज, हिशेब आणि प्रगती-अहवाल हवेतच. राज्य सरकारांचीही यातून सुटका नाही: संघीय निधीतून काम व्हायचे तर राज्याने साधारणपणे खर्चाचा दहा टक्के वाटा आणि पुढील देखभाल यांची हमी देणारा करार आधी करून द्यावा लागतो.

इथे ९६-५११ क्रमांकाचा दुसरा कायदा आडवा येतो. त्याचे सूत्र असे की कोणत्याही संघीय संस्थेला दहा किंवा अधिक व्यक्तींकडून, कंपन्यांकडून किंवा राज्यांकडून एकसारखी माहिती मागवायची असेल तर तिने आधी राष्ट्राध्यक्षांच्या व्यवस्थापन व अर्थसंकल्प कार्यालयाची मंजुरी घ्यावी. त्यासाठी राजपत्रात एकदा साठ आणि पुन्हा तीस दिवसांची सूचना द्यावी. माहिती कशासाठी हवी, ती आधीच कोणाकडे आहे का, आणि ती देण्यात लोकांचे एकूण किती तास जातील याचा हिशेब मांडावा. सूचना वाचायला लागणारा वेळ, जुनी कागदपत्रे शोधायचा वेळ, नमुना भरायचा वेळ, प्रती जपून ठेवायचा वेळ हे सगळे या तासांत धरायचे असते. मंजुरी जास्तीत जास्त तीन वर्षे टिकते, म्हणून सुपरफंडच्या प्रत्येक माहिती-संकलनाची ही पूजा ठरावीक काळाने पुन्हा मांडावी लागते, आणि गंमत अशी की सफाई-योजनेच्या बैठकांना येऊन म्हणणे मांडणाऱ्या रहिवाशांचे तासही या हिशेबात येतात. मंजूर नमुन्याच्या कोपऱ्यात नियंत्रण क्रमांक छापलेला असतो. घातक कचऱ्याच्या वाहतुकीबरोबर जाणाऱ्या अमेरिकी मॅनिफेस्टवर तो २०५०-००३९ असा दिसतो. हा क्रमांक नागरिकाची ढालही आहे, कारण ज्या नमुन्यावर वैध क्रमांक नाही तो भरला नाही म्हणून कोणालाही दंड करता येत नाही.

मात्र एखाद्या विशिष्ट व्यक्तीविरुद्ध वा कंपनीविरुद्ध चाललेल्या चौकशीला या कायद्यातून सूट आहे, आणि त्यामुळे १०४(ई) च्या पत्रांत सहसा एक वाक्य असते की या मागणीला कागदकाम-कपात कायद्याची मंजुरी लागत नाही. म्हणजे ज्या एका पत्रापायी कंपनीच्या तळघरातील सगळी कपाटे उपसावी लागतात तेच त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते, आणि एक पानी नमुन्याचे तास मात्र चोख मोजले जातात.

मॅनिफेस्ट हा कागद मराठी वाचकांपैकी कारखानदारीशी संबंध असलेल्यांच्या चांगल्या ओळखीचा असेल. कचरा निर्माण करणाऱ्यापासून तो शेवटी जिरवणाऱ्यापर्यंत प्रत्येकाची सही त्यावर चढत जाते, त्यामुळे कचरा वाटेत कुठे गायब झाला तर कोणाच्या हातून झाला हे कळते. अमेरिकेत ही पद्धत १९८० मध्ये सुरू झाली. त्याआधी मिझुरी राज्यातील टाइम्स बीच गावाच्या धुळीच्या रस्त्यांवर डायॉक्सिन मिसळलेले टाकाऊ तेल धूळ बसवण्यासाठी शिंपडले गेले, ते विष कुठून आले आणि कुठे कुठे गेले याचा छडा लावायला वर्षे लागली, आणि अखेर १९८३ मध्ये सरकारला ते अख्खे गाव विकत घेऊन रिकामे करावे लागले. भारतात २०१६ च्या घातक व इतर टाकाऊ पदार्थांच्या नियमांनुसार मॅनिफेस्टच्या सात रंगांच्या सात प्रती निघतात: पांढरी पाठवणाऱ्याकडून राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जाते, पिवळी पाठवणाराच जपतो, गुलाबी घेणाऱ्याकडे राहते, नारिंगी वाहतूकदाराला मिळते, हिरवी घेणारा मंडळाला पाठवतो, निळी परत पाठवणाऱ्याकडे येते आणि राखाडी दुसऱ्या राज्यातून आलेल्या मालासाठी असते. तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीच्या सामायिक विल्हेवाट केंद्राकडे जाणाऱ्या ट्रकच्या मागे या रंगीत कागदांची अशी वरात चालते, आणि निळी प्रत वेळेवर परत आली नाही तर जागरूक कारखान्याने फोन उचलायला हवा.

पण मॅनिफेस्ट आजच्या कचऱ्याचा हिशेब ठेवते. पूर्वीच टाकून दिलेल्या कचऱ्यासाठी, म्हणजे सुपरफंडच्या मूळ प्रश्नासाठी, भारतात बराच काळ स्वतंत्र नियमावली नव्हती. भोपाळच्या कारखान्यातील ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला हलवला गेला तो न्यायालयाच्या आदेशाने, वायुगळतीच्या दुर्घटनेनंतर चाळीस वर्षांनी. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने ठरावीक काळाने कळवायची, राज्य मंडळाने प्राथमिक व नंतर सविस्तर तपासणी करायची, जागा दूषित ठरल्यास ती जाहीर करून वापरावर निर्बंध घालायचे आणि जबाबदार व्यक्ती शोधून तिच्याकडून खर्च वसूल करायचा, असा त्यांचा क्रम सुपरफंडच्या क्रमाशी बराच जुळतो. जबाबदार माणूस शोधण्यासाठी इथेही शेवटी सातबारा, फेरफार, संमतिपत्रे आणि जुनी वार्षिक विवरणे यांच्यावरच भिस्त राहील, आणि ती विवरणे ज्या वर्षांत कोणी नीट भरली नाहीत त्या वर्षांचा कचरा निनावी राहील.

सफाई पूर्ण झाली तरी दप्तर मिटत नाही. जिथे विष उकरून काढण्याऐवजी झाकून ठेवले जाते तिथे उपाय अजून टिकून आहे की नाही याचा आढावा दर पाच वर्षांनी घेऊन अहवाल द्यावा, अशी कायद्यात तरतूद आहे, आणि तिला शेवटची तारीख नाही. त्याशिवाय या जमिनीवर घर बांधू नये, विहीर खणू नये, आच्छादन फोडू नये अशा अटी जमिनीच्या कागदांत चढवल्या जातात. पुढच्या प्रत्येक मालकावर त्या बंधनकारक राहाव्यात आणि त्यांचे पालन कोणी तरी तपासावे, यासाठी अनेक राज्यांनी वेगळे कायदे केले आहेत. १९५३ च्या खतातील कलम कंपनीची सुटका करण्यासाठी लिहिले होते आणि ते पुढे घरे घेणाऱ्यांपर्यंत पोचले नाही. आताच्या अटी जमिनीबरोबर चालतात.

लव्ह कॅनॉलचे नाव ३० सप्टेंबर २००४ रोजी अग्रक्रम यादीतून काढले गेले. हूकर कंपनी विकत घेणाऱ्या ऑक्सिडेंटलने त्याआधी, १९९५ मध्ये, संघीय सरकारला १२ कोटी ९० लाख डॉलर देण्याचे मान्य केले होते. कचरा मात्र जिथे टाकला होता तिथेच, कुंपणाच्या आत, चिकणमातीच्या व प्लास्टिकच्या आच्छादनाखाली आहे. भोवतीच्या चरांत झिरपणारे पाणी तिथल्याच शुद्धीकरण केंद्रात साफ केले जाते, निरीक्षण-विहिरींचे नमुने तपासले जातात, आणि दर पाच वर्षांनी नवा अहवाल त्या जागेच्या दप्तरात जाऊन पडतो.